टाक्यावरचा उजेड

शिवणकामाचा इतिहास आपल्याकडे आणि जगात बहुधा अवजारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हाडाची सुई गेली, पोलादी सुई आली. 1846 साली एलायस हाव याने शिलाई यंत्राचे पेटंट घेतले, 1851 साली आयझॅक सिंगरने आपल्या यंत्राचे घेतले आणि मग पायमशीन घरोघरी पोचले. या हकिगतीत एक साधन जवळजवळ कधीच येत नाही, ते म्हणजे उजेड. वास्तविक शिवणारा माणूस घरात कुठे बसला, दिवसाच्या कोणत्या वेळी बसला, कोणते काम त्याने सकाळी उरकले आणि कोणते रात्रीसाठी ठेवले, हे सुईपेक्षा उजेडानेच अधिक ठरवले. आज शिवणासाठी किंवा गोधडीच्या कामासाठी एखादी खोली लावताना लोक किती वॅटचा दिवा घ्यायचा, एवढेच विचारतात. इतिहास मात्र सांगतो की उजेडाचे प्रमाण हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न उजेड टाक्यावर कोणत्या बाजूने आणि किती जवळून पडतो हा आहे. दुसरा, तो केव्हा लावायचा आणि केव्हा मालवायचा हे कोण ठरवतो हा आहे. जिथे या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली, तिथे दिवे वाढूनही शिवणाऱ्यांचे डोळे गेले.

आधी थोडा हिशेब पाहू. एक साधी मेणबत्ती फूटभर अंतरावर सुमारे 11 लक्स इतका उजेड देते. अंतर दुप्पट केले की उजेड चौथ्या हिश्शावर येतो. शिवणकामाच्या जागी किमान 750 लक्स असावेत असे आजचे युरोपीय प्रमाणक सांगते, आणि न दिसणाऱ्या रफूसाठी तर 1500. म्हणजे एका मेणबत्तीच्या भरवशावर 750 लक्स मिळवायचे तर ज्योत टाक्यापासून चार सेंटिमीटरच्या आत आणावी लागेल, आणि तिथे कापडच पेट घेईल. उलट, ढगाळ दिवशीही मोकळ्या आकाशाखाली सुमारे 10,000 लक्स उजेड असतो. त्यात कापडाच्या रंगाचा भाग वेगळाच. पांढरे सुती कापड आपल्यावर पडलेला बहुतेक उजेड परत पाठवते, काळे कापड त्यातला फार थोडा. म्हणून पांढऱ्या कापडावर पांढरा टाका घालणाऱ्याला जेवढा उजेड पुरतो, तेवढ्यात काळ्यावर काळा दोरा चालवणारी बाई अक्षरशः चाचपडत असते. शिवाय शिवणाऱ्याचा हात, डोके आणि कापडाची चुणी यांची सावली नेमकी सुईच्या टोकावर येते. विजेच्या आधीच्या शिवणाऱ्यांना लक्स हे माप ठाऊक नव्हते, पण या सगळ्या अडचणी ते रोज भोगत होते आणि त्यांनी काढलेल्या तोडग्यांतून त्यांची समज दिसते.

पहिला तोडगा म्हणजे आपणच उजेडाकडे जाणे. पश्चिम भारतातल्या इंग्रजांच्या बंगल्यांत शिंप्याची जागा व्हरांड्यात असे. साताऱ्यात जन्मलेल्या एडवर्ड हॅमिल्टन एटकिन याने बंगल्यावरच्या नोकरचाकरांवर 1889 मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात शिंप्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. घरच्या व्यवस्थेत त्याचे स्थान इतके ठरलेले होते. व्हरांड्यात थेट ऊन येत नाही, आणि आकाशाचा पसरट, मऊ उजेड मात्र भरपूर येतो. कडक सावल्या पडत नाहीत आणि पांढरे कापड डोळ्यांत खुपत नाही. बाजारपेठेतला शिंपी दुकानाच्या अगदी तोंडाशी, रस्त्याकडेला बसतो, तेही याच कारणाने. जुन्या मराठी घराची रचना पाहिली तरी हेच दिसते. माजघर आणि स्वयंपाकघर अंधारे. उजेड चौकात, पडवीत आणि ओसरीवर. गोधडी किंवा वाकळ शिवायला पुरा हातरण्याएवढा विस्तार लागतो. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर जमिनीवर पसरायचे, आणि कडेपासून आत धावदोरा घालत जायचे. हे काम अंगणात किंवा ओसरीवर, दुपारच्या सवडीत आणि शेतीची घाई नसलेल्या दिवसांतच होऊ शकत होते. तिन्हीसांजेनंतर सुई हातात घेऊ नये, कोणाला देऊ नये, असे जुन्या घरांतून सांगत असत. त्या समजुतीचा उगम काहीही असो, तिचा परिणाम स्पष्ट आहे: दिवेलागणीला सुई आपोआप खाली ठेवली जाई. समईच्या उजेडात सांडलेली सुई सापडणेही कठीण होते आणि रांगते मूल असलेल्या घरात ते धोक्याचे होते.

हाच नियम दूर पॅरिसमध्ये लेखी कायद्याच्या रूपाने सापडतो. 1268 च्या सुमारास एतिएन ब्वालो या नगराधिकाऱ्याने शहरातल्या सुमारे शंभर व्यवसायसंघांचे नियम एका ग्रंथात नोंदवून घेतले. त्यांतल्या अनेक व्यवसायांना रात्री काम करण्याची मनाई आहे आणि तिचे कारणही दिले आहे: रात्रीचा उजेड चांगले आणि प्रामाणिक काम करण्याइतका पुरेसा नसतो. संघांना इथे कारागिराच्या डोळ्यांपेक्षा गिऱ्हाइकाच्या फसवणुकीची चिंता होती, हे मान्य केले पाहिजे. अंधारात वाईट माल खपतो आणि संघाचे नाव जाते. तरीही या नियमाने जे साधले ते महत्त्वाचे आहे. मालाचा दर्जा आणि कामाचे तास ही दोन्ही त्याने एकाच खुंटीला बांधली. सूर्य मावळला की काम संपले, आणि ते संपवायला कोणा मालकाची परवानगी लागत नव्हती.

दुसरा तोडगा उजेड गोळा करण्याचा. इंग्लंडच्या बकिंगहॅमशर, बेडफर्डशर आणि नॉर्दम्प्टनशर या परगण्यांत लेस विणणाऱ्या बायका आणि मुली हिवाळ्याच्या संध्याकाळी एका उंच तिवईभोवती जमत. तिवईच्या मध्ये चरबीची एकच मेणबत्ती असे आणि तिच्याभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल चंबू. पाण्याचा चंबू बहिर्गोल भिंगाचे काम करतो. मेणबत्तीचा उजेड त्यातून गोळा होऊन विणणारीच्या उशीवर छोट्याशा तेजस्वी ठिपक्यासारखा पडतो. मेणबत्ती जळून खाली आली की ठिपका सरके, म्हणून मेणबत्तीची उंची वर-खाली करण्याची सोय तिवईत असे. बायका दोन-तीन ओळींत बसत. पहिल्या ओळीला सगळ्यांत चांगला उजेड आणि तिथे कुशल कारागिरांचा हक्क, मागच्या ओळीत उरलेल्या. युरोपातल्या चांभारांनीही हाच गोळा वापरला. या साध्या योजनेत आजच्या दिव्यांच्या शास्त्रातले मुख्य तत्त्व आहे: खोली उजळण्यापेक्षा टाका उजळणे महत्त्वाचे. पण तिच्यामागचे कारण गरिबीचे होते. इंग्लंडमध्ये 1709 पासून 1831 पर्यंत मेणबत्त्यांवर कर होता आणि 1696 पासून 1851 पर्यंत घराच्या खिडक्यांवर कर होता. म्हणजे दिवसाचा उजेड आत घ्यायलाही पैसे पडत आणि रात्रीचा विकत घ्यायलाही. एका मेणबत्तीवर इतक्या जणींनी गुजराण करणे हे त्यांच्या चातुर्याचे जितके उदाहरण आहे, तितकेच सरकारने उजेड महाग करून ठेवल्याचेही.

इथे एक आक्षेप हमखास येतो. मंद उजेडात शिवणाऱ्या पिढ्यांनीच तर जगातले सर्वांत नाजूक काम केले. चिमणीच्या उजेडातही आपल्या आज्या-पणज्यांनी गोधड्या शिवल्या. मग उजेडाचा इतका बाऊ कशाला? हा आक्षेप हलक्यात काढण्यासारखा नाही, पण त्यात दोन गोष्टी सुटतात. एक तर त्या काळी कामाची वाटणी उजेडाप्रमाणे होत असे. नाजूक भरतकाम, काजे, बारीक तुरपाई ही दिवसाची कामे. रात्री जाड दोऱ्याचे ठिगळ लावणे, वाती वळणे, सूत गुंडाळणे अशी हाताला सवयीची, डोळ्यांना कमी लागणारी कामे. दुसरे म्हणजे संग्रहालयात आज जे दिसते ते काम आहे. ते करणाऱ्यांचे डोळे दिसत नाहीत. इटलीतल्या मोदेना इथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात बारीक काम करणाऱ्यांच्या अधू होणाऱ्या डोळ्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. जुन्या घरांत सुईत दोरा ओवून द्यायला नातवंडांना हाक मारली जाई. वयाने आणि मंद उजेडाने मिळून केलेले नुकसान घराने असे भरून काढले होते. काम सुंदर झाले म्हणून त्याची किंमत कमी पडली असे होत नाही.

एकोणिसाव्या शतकात उजेड स्वस्त झाला, आणि तिथूनच माझ्या युक्तिवादाचा कठीण भाग सुरू होतो. लंडनमध्ये 1812 साली गॅसची पहिली मोठी कंपनी स्थापन झाली; पुढच्या तीस वर्षांत दुकाने आणि कारखाने गॅसने उजळले. सूर्यास्ताची मर्यादा संपली. 1843 साली ब्रिटिश संसदेपुढे बालकामगारांविषयीच्या आयोगाचा अहवाल आला. त्यात लंडनच्या शिवणघरांत काम करणाऱ्या मुलींच्या साक्षी आहेत. हंगामात पंधरा ते अठरा तासांचे काम ही तिथे नेहमीची गोष्ट होती. 1837 मध्ये राजा चौथा विल्यम वारल्यावर सार्वजनिक शोकाचे काळे कपडे घाईने शिवावे लागले, तेव्हा गुरुवारच्या पहाटेपासून रविवारच्या सकाळपर्यंत अंथरुणाला पाठ न टेकता आपण काम केल्याचे एका साक्षीदार मुलीने सांगितले. काळे कापड, काळा दोरा आणि रात्र, हे तिन्ही इथे एकत्र आले होते. अहवाल आला त्याच वर्षी, 1843 च्या डिसेंबरात, टॉमस हूड याची सदरे शिवणाऱ्या बाईवरची कविता ‘पंच’ साप्ताहिकात आली आणि हा विषय इंग्लंडच्या घराघरांत पोचला. या मुलींना लेसवाल्या बायकांपेक्षा अधिक उजेड उपलब्ध होता. तरीही त्यांचे हाल अधिक झाले, कारण दिवा कधी मालवायचा हे त्यांच्या हातात नव्हते.

मुंबईने हाच धडा गिरणगावात शिकला. गिरणीतले काम विणण्या-कातण्याचे होते, पण उजेड आणि कामाचे तास यांचे नाते मराठी माणसाच्या इतिहासात इतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्यांत रविवारची सुटी होती, मधली अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे ही मागणीही होती. सूर्यास्त हीच तेव्हा कामगाराला ठाऊक असलेली न्याय्य सीमा होती. मुंबईत दिवस डिसेंबरात अकरा तासांचा आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. म्हणजे ही सीमाही सुखाची नव्हती, पण सीमा होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मागणी वाढताच कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. 1905 साली कामगारांनी या वाढीव तासांविरुद्ध संप केले. 1908 साली चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणून थांबवला. सूर्याने आपोआप पाळलेली मर्यादा विजेने पुसली तेव्हा ती कायद्याने पुन्हा आखावी लागली.

यावर कोणी म्हणेल की हा दोष लोभाचा आहे, दिव्याचा नाही. अंधाराला चांगले म्हणणे ही भाबडी गतकालप्रीती झाली. दोष दिव्याचा नाही हे मला पूर्ण मान्य आहे. अंधाराचे गुणगान करण्याचा इथे हेतू नाही. खिडकीवरचा कर आणि चरबीची मेणबत्ती परत यावी असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मुद्दा एवढाच की उजेड हे इतर साधनांसारखे साधन नव्हते. त्याच्या अभावात कामगाराच्या विश्रांतीची हमी दडलेली होती, आणि अभाव दूर करणाऱ्यांनी त्या हमीची दुसरी सोय आधी केली नाही. म्हणून चांगल्या उजेडाची व्याख्या करताना तासांचा विचार बाहेर ठेवता येत नाही. 750 लक्सखाली चौदा तास बसवलेली बाई 200 लक्सखाली सहा तास बसलेल्या बाईपेक्षा सुखी आहे, असे कोणतेही प्रमाणक म्हणत नाही.

शिलाई यंत्राने उजेडाची गरज कमी केली, असाही एक समज आहे. टाका यंत्र घालते, मग डोळ्यांना काय काम? प्रत्यक्षात यंत्राने गरज अधिक नेमकी केली. हाताने शिवताना कापड उजेडाकडे वळवता येते. यंत्राखाली सुई जागच्या जागी आणि वेगाने चालते, कापड तिच्याकडे न्यावे लागते, आणि यंत्राचा उजवीकडचा खांब व वरची दांडी त्यावर सावली धरून असतात. उत्पादकांना हे कळायला वेळ लागला, पण कळले. 1933 साली बाजारात आलेल्या सिंगरच्या ‘फेदरवेट’ या हलक्या यंत्रात दिवा यंत्रातच बसवलेला होता. लेसवालीच्या चंबूने जे केले, तेच काम आता बल्ब करू लागला. त्याच दशकात, 1938 मध्ये, अमेरिकेत नळीचे दिवे विक्रीला आले आणि पुढे आपल्याकडच्या प्रत्येक शिलाई कारखान्यात ट्यूबलाइट लागली. तिने उजेड वाढवला, पण जुन्या चोकवरची ट्यूब आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. हे डोळ्यांना सहसा जाणवत नाही, पण शरीराला जाणवते. 1989 साली ब्रिटनमध्ये कचेऱ्यांत केलेल्या एका अभ्यासात लुकलुक काढून टाकल्यावर डोकेदुखीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास आले. रंगाचा प्रश्न निराळाच. गिरण्यांच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरांना काचा उत्तरेकडे असत, कारण तिथून ऊन न येता आकाशाचा स्थिर उजेड मिळे. त्यात दोऱ्याची छटा खरी दिसे. ट्यूबच्या निळसर उजेडात जुळवलेला दोरा उन्हात वेगळाच निघतो, हे प्रत्येक शिंप्याला माहीत आहे. दिवा उष्णताही देतो. बंगळूरच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत ट्यूब काढून एलईडी दिवे लावले तेव्हा जागेवरचे तापमान उतरले आणि उकाड्याच्या दिवसांत काम अधिक झाले, असे अर्थतज्ज्ञांनी मोजून दाखवले आहे.

शेवटचा आक्षेप डॉक्टरी आहे: चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही, त्यावर इलाज चष्म्याचा, दिव्याचा नव्हे. चष्म्याचे महत्त्व वादातीत आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचा चष्मा दिल्यावर त्यांचे काम बावीस टक्क्यांच्या आसपास वाढले, असे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. पण चष्मा आणि दिवा एकमेकांचे पर्याय नाहीत. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश उजेडच पोचतो. भिंग ते कमी झालेले तेज परत देऊ शकत नाही. उलट भरपूर उजेडात बाहुली आकुंचन पावते आणि जवळच्या वस्तू अधिक स्पष्ट दिसतात. म्हणूनच वयस्क माणसाला खोलीत न दिसणारे सुईचे नेढे उन्हात दिसते.

या साऱ्यातून शिवणाची खोली लावणाऱ्यासाठी सरळ उपदेश निघतो. उजव्या हाताने शिवणाऱ्याने खिडकी डाव्या बाजूला घ्यावी. घरगुती यंत्राचा खांब उजवीकडे असल्याने यंत्रालाही तीच बाजू सोयीची. उत्तरेची खिडकी उत्तम, मात्र मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, तेव्हा पातळ पडदा हवा. छताचा दिवा खोलीसाठी, आणि वाकवता येणारा लहान दिवा टाक्यासाठी, असे दोन वेगळे ठेवावेत. एकावर भागवल्यास पाठीमागून आलेली आपलीच सावली कामावर पडते. एलईडी घेताना वॅटपेक्षा रंग खरा दाखवण्याचा निर्देशांक पाहावा. तो 90 च्या वर असावा. काळे आणि गडद काम दिवसासाठी राखून ठेवावे, आणि संध्याकाळी डोळे चुरचुरू लागले की दिवा वाढवण्याऐवजी काम थांबवावे.

पण घरात बसून नगावर शिलाई करणाऱ्या हजारो बायकांना हा उपदेश पुरत नाही. त्यांच्या कामाचा दर ठरतो तेव्हा कापड, दोरा आणि मजुरी मोजली जाते. विजेचे बिल आणि डोळे त्यांच्या खात्यावर जातात. बायकांना रोजगार मिळावा म्हणून जिल्हा परिषदा शिलाई यंत्रे वाटतात. ही योजना चांगली आहे, पण अपुरी आहे. यंत्राबरोबर टाक्यावर उजेड टाकणारा एक चांगला दिवा आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीला तपासून दिलेला चष्मा, एवढे तरी त्याच योजनेत असले पाहिजे. नगाचा दर ठरवताना विजेचा खर्च त्यात धरला पाहिजे. लोखंड्यांच्या निवेदनातली सूर्यास्ताची मागणी घरात शिवणाऱ्या बाईच्या वाट्याला अजून आलेली नाही. ती मान्य करणे आता आपल्या हातात आहे.